गडाची वाट, गाडीची वाट

पन्हाळा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. निदान शाळेच्या सहलीत तरी. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी, अंधारबाव ही नावे तोंडपाठ असतात. परंतु पन्हाळ्यास जाऊन आलेल्या माणसाला, 'अहो, तुम्ही गेलात कुठल्या वाटेने?' असे विचारा. तो म्हणतो, 'एस.टी.ने गेलो की!' वाट त्याने पाहिलेलीच नसते. वाट ही खिडकीबाहेर राहून जाते आणि इतिहास म्हणजे काय तो गडावर पोहोचल्यानंतर सुरू होतो, अशी आपली समजूत असते. मी इतिहास शिकवतो, आणि ही समजूत करून देण्यात माझ्यासारख्या मास्तरांचा वाटा मोठा आहे, हे आधीच कबूल करतो. म्हणून आज गडाविषयी न बोलता गडाच्या वाटेविषयी बोलावे म्हणतो. वाटही नुसती नव्हे. तिच्यावरून चालणारा माणूस सुखरूप घरी पोहोचतो की नाही, एवढाच प्रश्न मनाशी धरून.

तर मुळापासून पाहू. पन्हाळा बांधला शिलाहारांनी. दुसऱ्या भोज राजाचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. बाराव्या शतकाच्या अखेरची ही गोष्ट. घाटावरून कोकणच्या बंदरांकडे उतरणाऱ्या व्यापारी वाटांवर नजर ठेवायला ही जागा मोक्याची. म्हणजे गड जन्मला तोच मुळी वाटेसाठी. मात्र त्या गडाची स्वतःची वाट कशी असावी? इथे जरा थांबा, कारण आजच्या विषयाची सगळी मेख इथे आहे.

पन्हाळ्यावर रामचंद्रपंत अमात्यांची समाधी आहे. शिवाजी महाराजांपासून कोल्हापूरच्या संभाजीराजांपर्यंत पाच छत्रपतींच्या कारकिर्दी पाहिलेला हा मुत्सद्दी. १७१५-१६ च्या सुमारास त्यांनी जे 'आज्ञापत्र' सिद्ध केले, त्यात दुर्गांचे प्रकरण आहे. त्यात गडाच्या वाटेबद्दल पंतांचे म्हणणे स्पष्ट आहे. गडाचा मार्ग सोपा असू नये. सोपा असेल तर तो मोडावा, त्यावर झाडी वाढू द्यावी. गडाला एकच दरवाजा असणे हा दोष. शिवाय चोरदिंड्या हव्यात. आता हे सगळे कशासाठी? चढणाऱ्याची दमछाक व्हावी, त्याला पुढचे दिसू नये, वळणावर त्याची गती मोडावी, आणि चुकला तर खाली जावा, यासाठी. दुर्गशास्त्रात वाटेचा धोका हा दोष नाही, तो गुण आहे! तीन दरवाज्यात उभे राहून पाहा. दारामागे दार, मध्ये चौक, आणि आत शिरलेला शत्रू चोहोबाजूंनी माऱ्यात. ती रचना करणाऱ्या गवंड्याला कुणी 'ही जागा धोक्याची आहे' असे म्हटले असते, तर तो खूश होऊन मिशीला पीळ भरता!

या धोक्याचा उपयोग आपल्या लोकांनी कसा करून घेतला, हे मी सांगायला नको. जुलै १६६० मधल्या त्या रात्री सिद्दी जौहराच्या वेढ्यातून महाराज निसटले ते राजरस्त्याने नव्हे. पाऊस, चिखल, मसाईचे पठार, आणि खांद्यावर पालखी. शिवा काशीदाने दुसऱ्या पालखीत बसून स्वतःचा जीव दिला, आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी एका अरुंद वाटेच्या जोरावर शत्रूला थोपवले. खिंड रुंद असती तर? मूठभर माणसांनी तिथे काय केले असते? पुढे १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने मोजक्या माणसांनिशी रात्रीतून पन्हाळा घेतला, तोही सरळ वाटेने चालत जाऊन नव्हे. आमच्या इतिहासात अडचणीच्या वाटेला फार मोठा मान आहे, आणि तो रास्तच आहे. पण हा मान आपल्या डोक्यात इतका मुरला आहे की, 'घाट म्हटला की असं व्हायचंच' हे वाक्य आपण सहज बोलून जातो. तिथे माझी हरकत आहे.

तसे पाहिले तर साध्या वाटसरूला जुन्या काळीही धोका होताच. तो वेगळ्या जातीचा. वाटमारी करणारे, जनावर, पुराचे पाणी, आणि वाटेत येणारे आजारपण. कोल्हापूर–पन्हाळा वाटेवर जिथून गडाचा रस्ता फुटतो त्या जागेचे नाव वाघबीळ. नावातच काय ते आले. सुरक्षितता म्हणजे काय, तर बरोबर सोबत असणे आणि दिवसाउजेडी मुक्कामाला पोहोचणे. लमाणांचे तांडे एकत्र चालत, गाड्यांच्या रांगा एकामागे एक जात, ते गंमत म्हणून नव्हे. शिवाय बैल हा फार शहाणा प्राणी आहे. गाडीवान झोपला तरी बैल दरीत जात नाही! वाटेला कठडा नव्हता, कारण कठड्याचे काम बैलच करीत होता. हे विनोदाने म्हणतो असे समजू नका. पुढे याचा संबंध येणार आहे.

१८४४ साली गडकऱ्यांचे बंड झाले. कोल्हापूर संस्थानातल्या गडांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या शिबंदीच्या जमिनी आणि हक्क यांना हात लागला, आणि सामानगडापासून वणवा पेटला. पन्हाळाही त्यात उतरला. सातारचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स दौऱ्यावर असता बंडवाल्यांनी त्यांना वाटेत गाठले आणि पन्हाळ्यावर नेऊन कैदेत ठेवले. इंग्रजांचा बडा अंमलदार वाटेवरून उचलला जातो, ही गोष्ट कंपनीच्या चांगलीच जिव्हारी लागली असणार. डिसेंबर १८४४ मध्ये जनरल डेलामोटच्या फौजेने तटाला खिंडार पाडून गड घेतला. त्यानंतर चार दरवाजा पाडण्यात आला. आज आपली गाडी गडावर शिरते ती याच जागेवरून. दरवाजा नाही, नुसती जागा आहे. शेजारी दगडांचे अवशेष दिसतात, आणि प्रवासी ते मागे टाकून वाहनतळ शोधू लागतो.

मला नेहमी वाटते की, पन्हाळ्याच्या इतिहासात एक रेघ मारायची तर इथे मारावी. इथपर्यंत वाट अडवण्यासाठी होती. यापुढे ती पोहोचवण्यासाठी झाली. पण गंमत अशी की, वाटेचा हेतू बदलला तरी डोंगर तोच राहिला. तोच चढ, तीच दरी, तोच जांभा, तोच पाऊस. शत्रूसाठी मांडून ठेवलेल्या सगळ्या अडचणी आता शाळेला जाणाऱ्या मुलीच्या आणि बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्याच्या वाट्याला आल्या. त्या अडचणी काढून टाकायच्या तर कुणीतरी त्या आधी नीट पाहायला हव्यात, मोजायला हव्यात. हे पाहण्याचे आणि मोजण्याचे काम आपण कधी केले?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आगगाडीची आठवण होते. कोल्हापूर–मिरज रेल्वे सुरू झाली १८९१ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९० मध्ये, हिंदुस्थानचा रेल्वे कायदा झाला होता. त्या कायद्याने असे ठरवले की, सरकारी निरीक्षकाने लोहमार्ग स्वतः तपासून अहवाल दिल्याशिवाय त्यावरून उतारूंची गाडी सोडायची नाही. पूल, रूळ, सिग्नल, फाटक, सगळे पाहायचे. अपघात झाला तर चौकशी करायची. आजही रेल्वे सुरक्षा आयुक्त म्हणून जो अधिकारी असतो तो रेल्वे खात्याच्या हाताखाली नसतो. त्याचे कार्यालय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. म्हणजे ज्याने बांधले त्यानेच 'छान आहे' म्हणायचे नाही, हे तत्त्व आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मान्य आहे. पण फक्त रुळांवर! रस्त्याला काय लागते? एक नारळ, एक फीत आणि एक पाहुणा.

रस्त्यांचा विचार झालाच नाही असे मात्र नाही. १९२७ मध्ये देशातल्या रस्त्यांचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष आपलेच बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. रस्ते बांधणे हे एकट्या प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या आवाक्यातले काम राहिलेले नाही, पेट्रोलवर जादा कर बसवून त्यातून रस्त्यांचा निधी उभारावा, असे या समितीने १९२८ मध्ये सुचवले. दुसऱ्या वर्षी तो निधी उभा राहिला, आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था निघाली. पुढे १९४३ मध्ये मुख्य अभियंते नागपुरास जमले. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हामार्ग, ग्रामीण मार्ग ही जी उतरंड आपण आज ऐकतो, ती त्या नागपूर योजनेची देणगी. शेतीच्या सुधारलेल्या मुलखात एकही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असे स्वप्न त्यांनी पाहिले. मोठी माणसे होती ती. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. प्रत्येक टप्प्यावर गावाकडे जाणारा रस्ता लांबला, रुंदावला, काळा झाला.

पण या सगळ्या हिशेबाचे माप काय होते? मैल. नंतर किलोमीटर. किती गावे जोडली, किती खडी पडली, किती डांबर ओतले. त्या रस्त्यावर माणसे किती सुरक्षित राहिली, हा रकाना वहीत कितीतरी वर्षे नव्हताच. रस्ता बैलगाडीच्या मापाने वळवलेला, आणि त्याच्यावर डांबर घालून आपण त्याला मोटारीच्या स्वाधीन केले. चिखलाचा रस्ता निदान गाडीला हळू चालायला लावीत होता! डांबराने ती अडचणही काढून घेतली.

वेगाचे गणित वाटते तेवढे सरळ नाही, बरं का. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. त्यात चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ निराळा. म्हणून रोड्स काँग्रेसच्या नियमात असे धरले आहे की, ताशी ४० किलोमीटर वेगासाठी चालकाला पुढचे निदान ४५ मीटर दिसले पाहिजे, आणि ताशी ६० साठी ८० मीटर. आता पावसाळ्यात, गवत माणसाएवढे वाढले असता, गावाकडच्या एखाद्या वळणावर जाऊन उभे राहा आणि तुम्हाला किती पुढचे दिसते ते पावलांनी मोजा. फार खर्चाचे काम नाही हे. एक विळा लागतो.

आता मी ज्या गोष्टीपाशी येतो आहे, ती सांगताना इतिहासाच्या मास्तराला थोडे अवघडल्यासारखे होते. कोल्हापुरातून पन्हाळ्याकडे जाताना पंचगंगेवर जो जुना दगडी शिवाजी पूल आहे, तो १८७० च्या दशकातला. कमानींचा, देखणा, आणि इतक्या पुरांना छाती लावून उभा राहिलेला. पण तो बांधला तेव्हा त्याच्यावरून बैलगाड्या, घोडे आणि माणसे जायची होती. त्याचे कठडेही त्याच हिशेबाचे. बैलाची गोष्ट मघाशी सांगितली ती इथे आठवा. शेजारी नवा पूल घेण्याचे ठरले, काम पुष्कळ पुढेही गेले, आणि मग थांबले. का? तर पुलाला लागून ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा तिथे मिळाल्या, रोमन व्यापाराशी नाते सांगणारी पोसायडन या समुद्रदेवाची काशाची मूर्तीही याच टेकडीतून आली. अशा संरक्षित जागेपासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करायचे नाही, असा कायदा २०१० मध्ये कडक झाला होता. नवा पूल त्या शंभर मीटरांत येत होता. कागद इकडून तिकडे फिरत राहिले.

आणि २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणाऱ्या एका कुटुंबाची मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. तेरा माणसे गेली. त्यांत लहान मुले होती. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, देवदर्शन करून परत निघालेली पुण्याकडची माणसे.

ब्रह्मपुरी मी वर्गात दरवर्षी शिकवतो. दुसऱ्या दिवशीही मला तास होता. मुलांपुढे काय बोलावे ते सुचेना. पुरातन वास्तूंचे संरक्षण नको, असे मी कधीही म्हणणार नाही; तो कायदा नसता तर आपल्या लोकांनी निम्मे गड आतापर्यंत फोडून खडीला वापरले असते. अपघाताचे खापर एका कायद्यावर फोडणे हेही बरोबर नव्हे. वाहनाचा वेग, अंधार, चालकाचा थकवा, अशी कारणे अपघातात नेहमीच एकमेकांत गुंतलेली असतात. परंतु एक गोष्ट मनाला टोचते. टेकडीतले खापराचे तुकडे किती मोलाचे हे ठरवायला आपल्यापाशी शास्त्र होते, खाते होते, कायदा होता. कठडा किती भार सोसेल हे आधी तपासून सांगणे ज्याचे काम आहे, असा माणूस त्या रस्त्यावर कोण होता? नवा पूल पुढे पूर्ण झाला. वाहने त्यावरून जातात. जुन्या पुलाकडे पाहणारे आता थोडे.

दुसरी गोष्ट गडाच्या अगदी पायथ्याशी, नव्हे, गळ्याशी घडली. पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा दगड आहे. हा दगड सच्छिद्र. पावसाचे पाणी तो चहात बुडवलेल्या खारीसारखे पिऊन घेतो. खाली बसाल्ट आहे, तो पाणी सहज आत घेत नाही. मग पाणी दोहोंच्या सांध्यातून बाहेर पडायला पाहते, आणि डोंगराच्या अंगात मुरत राहते. जुन्या लोकांनी याच गुणाचा फायदा घेऊन गडावर बारमाही पाणी राखले. रस्ता करणाऱ्याला मात्र हाच गुण घात करतो. डोंगराची एक बाजू खोदायची, निघालेली माती दुसऱ्या बाजूला भरायची, आणि त्या भरावावर रस्ता न्यायचा, ही घाटाची नेहमीची पद्धत. पाण्याला जायला वाट दिली नाही तर भराव फुगतो, जड होतो आणि एक दिवस बसतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर जाणारा मुख्य रस्ता असाच खचला. त्याच दिवसांत खाली पंचगंगेला महापूर आला होता, ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे पडली होती, आणि कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ पाणी होते. गडावर संसार करणाऱ्या माणसांचे काय झाले असेल याची कल्पना करा. आजारी माणूस, बाळंतीण, गॅसची टाकी, दूध! रस्ता पुन्हा धड होईपर्यंत कित्येक महिने गेले. पर्यटकाला वाटते गड बंद होता. अहो, गड बंद नव्हता. तिथली शाळा, दवाखाना आणि चुली चालूच होत्या.

घाटरस्त्याची सुरक्षितता निम्मी पाण्यात आहे, ही गोष्ट मला एका जुन्या मैलकुलीने शिकवली. मैलकुली हा शब्द आता ऐकू येत नाही. ठरावीक मैलांचा रस्ता एका टोळीकडे असे. त्यांनी रोज त्यावरून चालायचे. खड्डा दिसला बुजवला, गटार तुंबले मोकळे केले, वळणावरची फांदी छाटली. म्हातारा मला म्हणाला, 'सर, रस्ता पावसानं मरत न्हाई, तुंबल्यानं मरतो.' रोड इंजिनियरिंगचे निम्मे पुस्तक या एका वाक्यात आहे. संरक्षक भिंतीला पाणी झिरपायला भोके ठेवतात, ती मातीने बुजली की तीच भिंत पाण्याचा बांध होऊन कोसळते. मोरीचे तोंड कचऱ्याने बंद झाले की पाणी रस्त्यावरून जाते आणि बाहेरची कड कापते. हे सगळे चालणाऱ्या माणसाला दिसते. गाडीतून तपासणी करणाऱ्याला दिसत नाही.

आपल्याकडे आता 'रस्ता सुरक्षा परीक्षण' नावाची रीत आली आहे. तिचा उगम विलायतेत १९८० च्या दशकातला. तिथल्या काऊंट्यांनी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या मुलखांनी, रेल्वेचीच जुनी तपासणी रस्त्याला लावून पाहिली. रोड्स काँग्रेसने २०१० मध्ये तिची नियमपुस्तिका काढली. तत्त्व तेच जुने: ज्याने बांधले त्याच्याखेरीज दुसऱ्याने पाहायचे, दिवसा पाहायचे आणि रात्रीही पाहायचे, आणि अपघात होण्याच्या आधी पाहायचे.

हा 'आधी' फार महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे पाचशे मीटरांच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात झाले, किंवा एकूण दहा माणसे दगावली, की तो टप्पा 'ब्लॅक स्पॉट' म्हणून नोंदला जातो. महामार्गाला हे माप ठीक आहे. पण गावरस्त्याला हे माप लावून पाहा. तिथे एक माणूस या वळणावर जातो, दुसरा दोन वर्षांनी त्या मोरीवर, तिसरा ओढ्याच्या फरशीवर. एका जागी पाच कधी होतच नाहीत! म्हणून त्या रस्त्यावर काळा ठिपका पडत नाही, आणि ठिपका नाही म्हणून पैसा येत नाही. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली सुमारे दोन-तृतीयांश ग्रामीण भागात. ही सगळीच काही ठिपक्यांत मावणारी नाहीत. अशा रस्त्यांवर मेलेली माणसे मोजून भागत नाही. रस्त्याचे दोष मोजावे लागतात.

दोष कसले? आमच्या भागातलेच सांगतो. पन्हाळा तालुका काही नुसता गडाचा नव्हे. वारणेच्या काठचा, कोडोली–वारणानगरचा, उसाचा मुलूख आहे हा. गळिताचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या दिसतात. मागे दिवा नाही, उसाची वाढी दोन्ही बाजूंना पसरलेली. मागून येणाऱ्याला पुढे अंधारच जाड झाल्यासारखा वाटतो, एवढेच. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या निघतात तेव्हा हाच रस्ता चालणाऱ्यांचा होतो, बैलगाड्यांचा होतो, ट्रकांचा होतो, आणि वडाप जीपही त्यातूनच वाट काढते. एरवी वर्षभर दूध घालायला निघालेला माणूस पहाटे अंधारात साइडपट्टीवरून चालतो. ही साइडपट्टी बहुतेक ठिकाणी डांबरापासून वीतभर खाली असते. दुचाकी तिच्यावर उतरली की परत चढताना आडवी होते. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचललेली हवी. गावरस्त्यावर पुष्कळदा ती उलटी, दरीकडे कललेली सापडते, कारण प्रत्येक वेळी जुन्यावरच नवा थर दिलेला असतो.

माझ्या वर्गात वाडीवरून दुचाकीने येणारा एक मुलगा होता. तिसऱ्या बाकावर बसायचा. प्रश्न फार विचारायचा. शिवकालात घाटाच्या वाटांची राखण कोण करीत असे, हा त्याचाच प्रश्न. जानेवारीतल्या एका संध्याकाळी घरी परतताना दिवा नसलेल्या ट्रॉलीवर मागून आदळला. पंचनाम्यात कारण लिहिले गेले: अतिवेग. ते खोटे होते असे मी म्हणत नाही. पण ट्रॉलीच्या मागे हातभर लाल चकाकती पट्टी चिकटवायला जो खर्च येतो, तेवढे पैसे त्या मुलाच्या खिशात त्या दिवशीही होते. हजेरीपटावर त्याचे नाव मी वर्षअखेरपर्यंत वाचत राहिलो. मुले काही बोलत नसत.

त्यानंतर एका सुट्टीत मी आणि माझे काही विद्यार्थी वाघबिळापासून चार दरवाज्याच्या जागेपर्यंत चालत गेलो. हातात वही. कुठे कठडा तुटला आहे, कुठे मोरी बुजली आहे, कुठे वळणाची पाटी झाडाआड गेली आहे, हे लिहायचे. संध्याकाळी अंधार पडल्यावर तेच पुन्हा. दिवसा ठळक दिसलेली कितीतरी वळणे रात्री नाहीशी होतात, आणि दिवसा किरकोळ वाटलेली कड रात्री जीव घेईल अशी दिसते, हे मुलांनी स्वतःच टिपले. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची हा घाटाचा जुना नियम त्या वेळात किती जणांनी पाळला, हेही त्यांनी पाहिले. पाळणारे बहुतेक एस.टी.चे आणि ट्रकचे जुने चालक होते. मोटारवाले पाहुणे दिवा लुकलुकावून आधी घुसत होते. वही आम्ही संबंधित कचेरीत नेऊन दिली. पोच मिळाली. पुढे दोन मोऱ्या साफ झाल्या; त्या आमच्या वहीमुळे की पावसाळ्यापूर्वीच्या नेहमीच्या कामात, ते मला सांगता येणार नाही. एक कठडा अजून तसाच आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. पन्हाळा त्यांतला एक. आम्हा इतिहासवाल्यांना त्या दिवशी सण झाला. आता देशोदेशीचे लोक येणार, गाड्या वाढणार. गडाच्या तटाचा प्रत्येक दगड तज्ज्ञ तपासतील, त्याची नोंद करतील, तो ढळणार नाही असे पाहतील. हे सगळे व्हायलाच हवे. तुम्हीही पुढच्या वेळी जाल तेव्हा गाडी खाली वाघबिळाशी थांबवा आणि निदान एक टप्पा पायी चढा. सोबत वही नसली तरी चालेल. डाव्या-उजव्या हाताला पाहत चला: पाणी कुठून येते आणि कुठे जाते, कठडा हाताने हलतो का, समोरून येणारा किती आधी दिसतो. चार दरवाज्याच्या जागेवर पोहोचलात की मागे वळून खालचा रस्ता पाहा. आमच्या वहीतल्या पहिल्या पानावर त्याच जागेवरून एका मुलीने काढलेला नकाशा आहे. त्यात तिने गडाचे बुरूज पेन्सिलीने काढले आहेत आणि तुटलेले कठडे लाल शाईने.